पाटी उतरेपर्यंत

"दारावरची पाटी उतरेपर्यंत घर आपलं म्हणायचं नाही," असं नणंदेनं तिला बजावलं होतं, आणि ती चक्क हसली होती.

नणंद काही उगाच बोलणारी बाई नव्हती. दस्त लिहिणाऱ्या एका वकिलाच्या ऑफिसात ती पंधरा वर्षं कारकून होती. लोकांच्या हाती लागलेली घरं आणि हातातोंडाशी येऊन निसटलेली घरं, दोन्ही तिनं ढिगानं पाहिली होती. पण त्या दुपारी घराला होकार मिळून पुरता तासही झाला नव्हता, आणि हवेत तरंगणाऱ्या माणसाला शहाणपण सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"होकार दिला कुणी?" नणंदेनं फोनवर विचारलं.

"आजींनी. घर त्यांचंच आहे ना, ताई."

"तोंडी?"

"तोंडी काय, माझे दोन्ही हात हातात घेऊन दिला."

"हातात हात घ्यायला लग्न लागलं का तुमचं? कागद कुठंय? आणि घर कुणाच्या नावावर आहे ते विचारलंस?"

"चाळीस वर्षं त्या राहतायत तिथं."

"राहतं कोण ते नाही विचारलं मी. राहायला मांजरही राहतं. नाव कुणाचं?"

ते विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. मग नणंदेनं एका दमात सगळं सांगून टाकलं. "हे बघ, दोन ओळींचा कागद मी टाइप करून देते. अमुक तारखेपर्यंत हे घर दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही, दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही. मालक असतील तितक्यांच्या सह्या. वर थोडा विसार त्यांच्या हातावर ठेव, म्हणजे शब्द मोडताना त्यांनाही जड जाईल. भिंती तपासून घ्यायच्यात म्हणतेस ना, घे की. पण आधी कागद, मग भिंती. ओल निघाली तर विसार परत, असं त्यातच लिहू. विक्रीची पाटी त्याच दिवशी उतरवून घे. आणि तोंडाला कुलूप लाव. खरेदी होईपर्यंत कुणाला पत्ता सांगायचा नाही."

"पण ताई, एवढ्या मायेनं बोलल्या त्या. लगेच कागद पुढे केला तर काय वाटेल त्यांना?"

"भीड ही भिकेची बहीण. एवढंच सांगते."

फोन ठेवल्यावर तिनं नवऱ्याला नणंदेची नक्कल करून दाखवली. "तुझी बहीण ना, लग्नातसुद्धा नवरानवरीच्या सह्या ताडून बघेल."

"बघितल्या होत्या," नवरा म्हणाला. "आपल्या."

आणि दोघं पोट धरून हसली होती.

आता तिला ते घर एवढं का हवं होतं, ते कळायला आधी ती राहत होती ती जागा बघायला हवी. खाली लाँड्री, वर यांच्या दोन खोल्या. सकाळी सातला खाली इस्त्रीची यंत्रं सुरू झाली की वाफ जिन्यानं वर चढायची, फरशीतून यायची, कुठूनही यायची. भिंतींना घाम सुटायचा. कपाटामागं बुरशीचा एक मोठा काळा डाग होता, त्याला मुंगी 'हत्ती' म्हणायची. तिनं तो ब्लीचनं पुसला, खरवडला, वर रंग दिला. महिन्याभरात हत्ती सोंडेसकट परत उभा.

मुंगी म्हणजे तिची मुलगी, साडेचार वर्षांची. सतत इकडून तिकडे काहीतरी वाहून नेत असते म्हणून बापानं ठेवलेलं नाव. मुंगीच्या छातीत मांजर होतं. श्वास घेतला की ते गुरगुरायचं. ती मुंगीच्या पाठीला कान लावून ते ऐकायची, दिवसातून कितीदा तरी. डॉक्टर एकदा औषध लिहिता लिहिता म्हणाले होते, "औषध मी देतो हो, पण तुमच्या भिंतीतली ओल काही मला काढता येत नाही."

ती रसायनशास्त्राची पदवीधर. खोकल्याची औषधं भरणाऱ्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासायची. पट्ट्यावरून बाटल्या येत, ती मधूनच एक उचलून झाकण पिळून बघे. बसल्यासारखं दिसणारं झाकण खरंच बसलंय का, हे बोटांना कळतं, डोळ्यांना नाही. घरीही तेच चालायचं. गॅस बंद आहे का, दार लागलंय का, मुंगीच्या बुटाचा बंद सुटलाय का. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. "इन्स्पेक्टर, जेवू का? का आधी ताट तपासता?"

अशा बाईला एका रविवारी ते घर दिसलं.

बस जिथं वळसा घेऊन माघारी फिरते तिथं एक चिंचोळी गल्ली होती. गल्लीत हिरव्या दाराचं जेमतेम खोलीभर रुंदीचं घर, खाली दोन खोल्या, वर एक. दारावर पाटी: विकणे आहे, खाली फोन नंबर. घर दाखवायला एक म्हाताऱ्या बाई होत्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता, आता त्याच्याकडे जाऊन राहायचं होतं. घरात शिरल्या शिरल्या तिनं सवयीनं नाक वर केलं. वास आला तो लाकडाचा, साबणाचा आणि उन्हाचा. उन्हाला वास असतो हे ती विसरूनच गेली होती.

जिना अकरा पायऱ्यांचा. सहाव्या पायरीवर तो वळायचा, आणि त्या वळणावर खिडकी होती. मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली कट्ट्यासारखी रुंद फळी. मुंगी त्या फळीवर चढली, पाय पोटाशी घेतले आणि तिथंच बसली. ऊन तिच्या केसांवर, मांडीवर, मोज्यांवर. आई तिच्या पाठीला कान लावायला वाकली, तर मांजर गप्प होतं. थोडा वेळच, पण गप्प होतं.

"मी इथं राहते," मुंगीनं जाहीर केलं.

तेवढ्या वेळात आईनं खिडकीची कडीही पाहून घेतली, हे सांगायला नको. खिडकीला एकच कडी, खालच्या बाजूला. चौकटीतलं भोक झिजून एवढं मोठं झालं होतं की कडी लागल्यासारखी दिसायची, पण झडपेला जरा रेटलं की सरकून बाहेर यायची, आणि झडप सरळ गल्लीच्या बाजूला उघडायची. आजींनी भोकात जुन्या पोस्टकार्डाची घडी खोचून ठेवली होती, तेवढ्यानं ती घट्ट बसत होती.

"आजी, ही घडी निघाली तर?"

"कशानं निघेल? दहा वर्षं झाली तिला. आणि माझ्याकडे लहान मूल कुठंय, बाळ?"

"पहिल्या दिवशी नवी कडी बसवतो," नवरा म्हणाला. "बिछाना नंतर, कडी आधी. लिहून देऊ का, इन्स्पेक्टर?"

त्या रात्रीपासून ती मनानं त्या घरात राहायला गेली. पुढच्या रविवारी भाव सांगितला, बँकेचं पत्र दाखवलं, आणि आजींनी हात हातात घेतले. म्हणाल्या, "चाळीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसले मी. लोकांचे शब्द या कानातून घ्यायचे आणि त्या तारेत सोडायचे. बारशाचे, मरणाचे, सगळे. एक शब्द वाटेत सांडला नाही माझ्याकडून. तेव्हा घर तुमचं. दिला शब्द."

असं ऐकल्यावर माणसानं पुढच्या भेटीत पर्स उघडून कागद काढावा? नणंदेनं दुसऱ्याच दिवशी तो टाइप करून धाडला होता. चार घड्या घालून तिनं तो पर्समध्ये ठेवला, मुंगीच्या श्वासाच्या पंपामागं. आणि ओल तपासणारा गवंडी म्हणत होता की तीन आठवडे त्याला उसंत नाही. दुसरा गवंडी तिला नको होता. याच्याकडे भिंतीला टोचून ओल मोजायचं यंत्र होतं. मुंगीला जिथं न्यायचं त्या घराची एकेक भिंत तपासल्याशिवाय ती सही करणार नव्हती. ती खबरदारी घेत होती. आजही तिला विचारलं तर ती हेच म्हणेल, की मी खबरदारीच घेत होते.

नंतरच्या रविवारी आजींनी स्टूल आणि पेचकस बाहेर आणून ठेवला होता. "ही पाटी काढून टाकूया का गं? तुमचं ठरलंय ना. उगाच कुणी दार वाजवत बसायला नको."

नवरा स्टुलावर चढला. तेवढ्यात मुंगी त्याच्या पायाशी उभी राहून, मान वर करून म्हणाली, "वि... क... णे. विकणे. आ... हे. विकणे आहे!"

पुस्तकाबाहेरचं तिनं वाचलेलं हे पहिलं काही. सगळी एकदम थबकली. मग आजींनी टाळ्या वाजवल्या, बापानं तिला खांद्यावर घेतलं, आणि तिनं खालचा नंबर एकेक आकडा करून मोठ्यानं वाचला. गल्लीतली दोन माणसं थांबून ऐकायला लागली.

"आता काढू नका!" मुंगी ओरडली. "मला अजून वाचायचंय!"

आणि मुंगीची आई म्हणाली, तीच म्हणाली, दुसरं कुणी नाही, "राहू दे हो, आजी. दोन रविवारांचा तर प्रश्न आहे. वाचू दे हिला."

आजींनी स्टूल आत नेलं.

दर बुधवारी ती मुंगीला छातीच्या दवाखान्यात वाफ द्यायला न्यायची. तिथं भिंतीशी बाकं, बाकांवर आया, आयांच्या मांडीवर मास्क लावलेली पोरं. यंत्रं चालू असली की मोठ्यानं बोलावं लागे. तिच्या शेजारी बहुधा निळी पिशवी घेतलेली एक बाई बसायची. तिचा मुलगा मुंगीच्याच वयाचा, छाती जरा जास्तच वाजणारी. दोघींची ओळख बाकावरची, पण तीन महिन्यांची. कुठलं पांघरूण चांगलं, रात्री उशी किती उंच, असलं सगळं बोलून झालेलं. त्या बाईची जागा तळघरात होती.

कुलूप लाव म्हणाली होती ना नणंद? पण आनंदाला कुलूप लागत नाही. ओठ मिटले तर डोळ्यांतून सांडतो. "काय गं, आज फार खुशीत?" निळ्या पिशवीवालीनं विचारलं मात्र, तिनं सगळं ओतलं. कोरड्या भिंती, अकरा पायऱ्या, वळणावरची खिडकी, तिथलं चार वाजेपर्यंतचं ऊन.

"कुठं म्हणालीस?"

"बस वळते ना, त्या गल्लीत. हिरवं दार. पाटी आहे बघ अजून, आमच्या मुंगीनं वाचली ती! नंबरसुद्धा पाठ झालाय तिचा. मुंगे, दाखव गं म्हणून."

मुंगीनं मास्क वर करून नंबर म्हणून दाखवला.

निळ्या पिशवीवाली हसली. मग मुलाच्या छातीवरून हात फिरवत म्हणाली, "नशीब लागतं बाई. मला कुणी असं घर दाखवलं असतं, तर त्याच पावली गेले असते." तिच्या आवाजात हेवा होता, आणि खरं सांगायचं तर तो हेवा ऐकून हिला बरं वाटलं. आजवर कुणी तिचा हेवा केला नव्हता.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी, गवंडी आला. त्यानं यंत्राचे दोन दात खाली टोचले, वर टोचले, कोपऱ्यात, जिन्याखाली, खिडकीच्या चौकटीशी. दरवेळी ती श्वास रोखून धरायची. शेवटी तो यंत्र पुसत म्हणाला, "बाई, हाडासारखं कोरडं आहे. डोळे मिटून घ्या." आजी घरी नव्हत्या, शेजारी किल्ली ठेवून कुठंशा गेल्या होत्या. तिला त्यात काही वाटलं नाही. जाता जाता ती सहाव्या पायरीवर एकटीच बसली, त्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन. पडदा पिवळा घ्यावा की नकोच, एवढाच प्रश्न तिच्यापुढं उरला होता.

संध्याकाळी तिनं फोन केला. सोमवारी सह्या करूया, एवढंच सांगायला.

आजींनी तिला मधेच थांबवलं. मग म्हणाल्या, "मुलगा आलाय. त्याच्याशी बोल."

मुलगा सभ्य होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "आईनं तुम्हाला काय सांगितलं ते मला आजच कळलं. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, आणि पाटीवरचा नंबर माझा. गेल्या आठवड्यात एका कुटुंबाचा फोन आला. ते तुमच्यापेक्षा बरंच जास्त देतायत. त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडे येऊन विसार दिला, सह्या केल्या; आईच्या वतीनं सही करायचा अधिकार माझ्याकडेच आहे. तुमच्याकडे काही लेखी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. पर्स तिच्या मांडीवरच होती.

"मग मी तरी काय करू? आईला मी सांभाळणार, तिच्या औषधपाण्याचं मी बघणार. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

तिनं फोन ठेवला.

नवऱ्यानं बहिणीला फोन लावला. आपणही भाव वाढवला तर? नणंद म्हणाली, "आता तुम्ही सोन्याची वीट दिलीत तरी उपयोग नाही. मी तुम्हाला करायला सांगितलं ते सगळं त्यांनी केलंय." दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, पदर खोचून भांडी घासली, मुंगीला गोष्ट सांगितली आणि निघून गेली. 'तरी मी म्हटलं होतं' हे वाक्य तिनं काढलं नाही. "ताईनं आयुष्यात पहिल्यांदा ते गिळलं असेल," नवरा म्हणाला. यावर कुणी हसलं नाही.

आणि मुंगी विचारत राहिली, "आज रविवार आहे का?"

आठवड्यानं आजींचा फोन आला, बहुधा मुलगा बाहेर गेलेला असताना. आवाज एवढासा झाला होता. "उद्या निघाले मी. तुला काय सांगू, पोरी. चाळीस वर्षांत नाही सांडला, तो आत्ता सांडला." ती नुसती "असू दे, आजी" म्हणाली. दुसरं काही बोलायला हवं होतं, ते तेव्हा तिच्या लक्षातच आलं नाही.

घर कुणाला गेलं ते तिला दवाखान्यात कळलं. दोन बुधवार निळ्या पिशवीची जागा रिकामी होती. तिसऱ्या बुधवारी ती बाई आली आणि पार टोकाच्या बाकावर बसली. पण तिचा मुलगा धावत मुंगीपाशी आला. "आमच्या नव्या घरात ना, जिन्यात खिडकी आहे. मी मावतो तिच्यात!"

"ती माझी आहे," मुंगी म्हणाली.

"नाही, माझी आहे. आम्ही शनिवारी जाणार."

ती उठून टोकाच्या बाकापाशी गेली. तोंडात शब्दांची गर्दी झाली होती, पण बाहेर आलं ते एवढंच, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" निळ्या पिशवीवालीनं खालीच बघत विचारलं. "तूच म्हणालीस पाटी आहे. मी जाऊन पाहिलं, तर खरंच होती. मला वाटलं, तुमचं नक्की झालं असतं तर पाटी कशाला ठेवली असती? आणि याची छाती..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं. त्यानंतर तिनं दवाखान्याचा वार बदलला.

दिवस गेले. ती कामावर जात होती, हत्ती पुसत होती. बसमध्ये बसली की डोळ्यांपुढं ती फळी यायची. त्या उन्हात आता पिवळा पडदा नसणार, दुसराच काही असेल. दुसऱ्याच्या घराची एवढी ओढ लागणं हे काही शहाण्या माणसाचं लक्षण नव्हे, हे तिलाही कळत होतं. मुंगीच्या मोज्यांवरचं ऊन मात्र विसरता येत नव्हतं.

आणि एका दुपारी पट्ट्यावरची बाटली उचलून तिनं झाकणावर बोट ठेवलं, तर बसल्यासारखं दिसणारं झाकण बोटाखाली फिरलं.

कडी!

तिनं पट्टाच बंद केला. आजी गेल्या म्हणजे घर रिकामं झालं असणार, झाडलोट, रंगरंगोटी झाली असणार. दहा वर्षांची ती पोस्टकार्डाची घडी कुणीतरी कचरा म्हणून काढून फेकली असणार. आणि साडेचार वर्षांचं एक पोर रोज त्या फळीवर चढून झडपेला टेकून बसत असणार. ही गोष्ट या जगात तिला, नवऱ्याला आणि आजींना माहीत होती. आणि स्वतःचं दुःख कुरवाळण्यात इतके दिवस तिला ती आठवली नव्हती. झाकणं तपासणारी म्हणे!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तशीच गेली. दार आता पांढरं होतं. पाटीच्या जागी नुसती चार भोकं. तिनं बेल वाजवली. खालच्या खोलीचा पडदा हलला, आणि मग काहीच हललं नाही.

"अगं, मी आहे!" तिनं दाराला तोंड लावून हाक मारली.

"दिसलीस," आतून आवाज आला. "आता काही बोलायचं नाही मला. खरेदी झालीय."

"घराचं नाही गं, खिडकीचं बोलायचंय!"

"खिडकीसुद्धा घरातच येते!"

"ऐक तरी! ती कडी..."

आतली पावलं लांब गेली, आणि कुठंतरी रेडिओ मोठा झाला. तिनं दोनदा, तीनदा बेल वाजवली. शेवटी पर्स उघडून हाताला लागला तो कागद काढला आणि गुडघ्यावर धरून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: जिन्याच्या खिडकीची कडी लागल्यासारखी दिसते पण लागत नाही. मुलाला तिथं बसू देऊ नका. नवी कडी बसवा. तिनं कागदाची घडी घातली, दारातल्या टपालाच्या फटीतून आत सोडला, आणि जरा हलक्या मनानं बस पकडली.

तिसऱ्या थांब्यावर तिनं पर्स पुन्हा उघडून पाहिली. कागद कुठला होता? पंपामागचा. नणंदेनं टाइप केलेला. वर ठळक अक्षरांत 'करार', खाली त्याच घराचा पत्ता, तिचं नाव, सहीसाठी रेघा. आधीच धास्तावलेली ती बाई घडी उघडणार, तिला तेवढंच दिसणार. कागद पालथा करून बघेल कशाला? एकतर फाडेल, नाहीतर वकिलाकडे नेऊन देईल. जो कागद एकदा तरी दाखवायला हवा होता तो तिनं दाखवला नाही, आणि ज्या दारात तो चुकूनही न्यायचा नव्हता त्याच दारात स्वतःच्या हातानं टाकून आली.

तसंच झालं. नवरा दुसऱ्या दिवशी नवी कोरी कडी आणि चार स्क्रू घेऊन गेला, तर दार उघडलं नाही. त्यानं पुडी उंबऱ्यावर ठेवली. दोन दिवसांनी ती तिथंच होती, पावलांनी बाजूला सरकवलेली. त्यानं आजींच्या मुलाला फोन केला. "तुम्ही आता कागदपत्रं टाकायला लागलात म्हणे त्यांच्या घरी. परत त्रास दिलात तर त्यांचा वकील बोलेल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. आजींचा नवा नंबर दिला नाही. नणंदेनं त्या वकिलाच्या नावे रीतसर पत्र धाडलं, कडीबद्दल, फक्त कडीबद्दल. पत्र पोचल्याची पावती आली. उत्तर आलं नाही.

आता त्यांनी दुसरं घर घेतलंय. तिसऱ्या मजल्यावर, कोरडं, लिफ्टचं. या वेळी सगळं ताईच्या मनासारखं झालं. तीन मालक, तिघांच्या सह्या, तारीख घातलेला कागद, विसार, आणि भिंती त्यानंतर. पाटी नवऱ्यानं सह्यांची शाई वाळायच्या आत उतरवली. मुंगीनं ती वाचल्यावर, पण वाचली एकदाच. मुंगीच्या छातीतलं मांजर आता पावसाळी हवेतच काय ते जागं होतं. ताई पहिल्यांदा घर बघायला आली तेव्हा म्हणाली, "आता म्हण आपलं." ती म्हणाली, "आपलं."

खिडक्या इथं उंच आहेत, मोठ्या माणसांच्या. मुंगीनं एक स्टूल नेऊन ठेवलंय खिडकीशी, त्यावर उभी राहिली की तिला समोरची गच्ची दिसते. रविवारी ती अजून कधीतरी विचारते, "तो मुलगा अजून माझ्या खिडकीत बसतो?" आणि आई तिच्या केसांत फणी अडकवून तशीच उभी राहते.

तिला स्वतःला तिकडे जाता येत नाही. गेली तर दार उघडणार नाही. उलट तिला पाहून ते पोरच उत्सुकतेनं खिडकीत येईल, झडपेला टेकून वाकेल, या भीतीनं ती त्या बसनंही जात नाही. म्हणून हे तुम्हाला सांगायचं. तुमचं त्या घराशी काही भांडण नाही, तुमच्यासाठी दार उघडतील. बस जिथं वळसा घेऊन माघारी फिरते त्या गल्लीत गेलात, आणि खोलीभर रुंदीचं, पांढऱ्या दाराचं घर दिसलं, दारावर पाटीची चार भोकं असली, तर बेल वाजवा. कुणी पाठवलं ते सांगू नका. जिन्यातली खिडकी जरा बघू म्हणावं. कडी डोळ्यांनी बघू नका, बोटानं रेटून बघा. आणि तो मुलगा तिथं उन्हात बसलेला असला, तर आधी त्याला हळूच आत घ्या, त्याच्या पाठीला कान लावा, आणि विचारा, छाती कशी आहे रे बाळा आता?